महारोहिणीचा ‘व्यास’ : कशाचा, कुठला आणि कोणत्या छेदातला?

प्रश्न : ‘महारोहिणीच्या विच्छेदनात स्टेंट-ग्राफ्ट बसवण्यापूर्वी आडव्या छेदात व्यास मोजावा’ हे वाक्य रुग्णालयाच्या मराठी माहितीपत्रकात योग्य ठरेल का?

उत्तर : महारोहिणी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी; तिच्या भिंतीला आतून चीर पडून थर सुटतात, त्या आजाराला इथे ‘विच्छेदन’ म्हटले आहे; आणि स्टेंट-ग्राफ्ट म्हणजे तिला आतून आधार देण्यासाठी बसवायची जाळीदार कृत्रिम नळी. माझ्या मते त्या वाक्यातला ‘आडवा’ हा शब्द सर्वांत घातक आहे. सीटी स्कॅनमध्ये आडवा म्हणजे शरीराला आडवा; परंतु महारोहिणी कमानीपाशी वळते आणि उतारवयात पुढेही नागमोडी होते, त्यामुळे तो छेद तिला अनेक ठिकाणी तिरपा जातो आणि वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ दिसते. ३० मिलिमीटर व्यासाच्या नळीचा छेद ३० अंशांनी कलला, तर त्याचा मोठा अक्ष सुमारे ३४.६ मिलिमीटर भरतो, म्हणजे माप १५ टक्क्यांनी फुगते. विच्छेदनात ग्राफ्ट रक्तवाहिनीपेक्षा साधारणपणे फार तर १० टक्के मोठा निवडतात, कारण जास्त ताणाने आधीच दुबळ्या झालेल्या भिंतीला नवी चीर पडू शकते आणि ती मागे हृदयाच्या दिशेने सरकली, तर छाती उघडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून वाक्य लांबले तरी ‘महारोहिणीच्या मध्यरेषेला काटकोनात घेतलेला छेद’ असेच लिहावे. ‘लंबछेद’ सुटसुटीत आहे खरा, पण बरेच वाचक तो लांबीच्या दिशेने घेतलेला छेद समजतील.

‘व्यास’ हा शब्दही एकटा पुरत नाही. ग्राफ्टच्या वरच्या टोकासाठीचे माप चिरेच्या वरच्या, शाबूत भागात घेतात, आणि ते भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून घेतले की आतल्या, हे सांगितल्याशिवाय आकडा निरुपयोगी असतो. खाली, जिथे रक्त भिंतीच्या थरांत शिरून खरी आणि खोटी अशा दोन पोकळ्या झालेल्या असतात, तिथे खरी पोकळी दबून चंद्रकोरीसारखी होते. तिला भूमितीतला व्यासच नसतो. तिथे लांब आणि आखूड असे दोन्ही अक्ष द्यावेत, किंवा परिघाला पायने (π) भागून आलेला आकडा ‘परिघावरून काढलेला व्यास’ असे स्पष्ट म्हणून द्यावा. उदाहरणार्थ, ९४ मिलिमीटर परिघावरून तो सुमारे ३० मिलिमीटर येतो.

आणखी एक उत्तर : वरील विवेचनाशी मी सहमत आहे, फक्त ‘विच्छेदन’ या शब्दाबद्दल लिहितो. शवविच्छेदनामुळे या शब्दात कोणीतरी हत्याराने कापल्याचा अर्थ मुरलेला आहे, आणि शस्त्रक्रियेच्या माहितीपत्रकात तो वाचून ‘विच्छेदन’ हे आजाराचे नाव आहे की उपचाराचे, असा प्रश्न नातेवाइकांना पडणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात आतल्या थराला चीर पडते आणि रक्ताच्या दाबाने थर एकमेकांपासून सुटत जातात. पोळीला पदर सुटतात असे आपण म्हणतोच. त्याच अर्थाने ‘महारोहिणीच्या भिंतीचे पदर सुटणे’ हे रुग्णाला पहिल्या वाचनात कळेल, आणि डॉक्टरांसाठीच्या लेखनात ‘भित्तिस्तरभेद’ वापरता येईल.