लायसिन घालूनही डुकरांची वाढ मंद, पाठीवर चरबी. काय चुकतंय?

मुरबाडकर:
25 ते 50 किलोची डुकरं आहेत. 100 किलो खाद्यात मका भरडा 70, सोयापेंड 25, बाकी 5 मध्ये कोंडा, मिनरल मिक्स्चर, मीठ. वर 100 ग्रॅम लायसिन पावडर (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल). पेंड महागलीय, ती वाढवायची नाही. नुसतं लायसिन वाढवलं तर चालेल?

खाद्यगणित_कल्याण:
वाढवा, पण एकटं नको. मक्यात पचणारं लायसिन साधारण 0.19 टक्के, चांगल्या पेंडीत 2.5. म्हणजे 100 किलोत सुमारे 755 ग्रॅम. या वजनाला 980 च्या आसपास लागतं. तूट 225 ग्रॅम. पिशवीत असतं लायसिन हायड्रोक्लोराइड, त्यात लायसिन 78 टक्केच. म्हणून पावडर एकूण 290 ग्रॅम. तुमच्या 100 ग्रॅममधून 78 च मिळतंय.
लायसिन भरलं की गाडी थ्रिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर अडते. ते लायसिनच्या 60 टक्के हवं, मिथिओनिन आणि सिस्टिन ही आणखी दोन मिळून 56. या खाद्यात दोन्ही जवळपास 70-70 ग्रॅम कमी पडतात, तेवढी थ्रिओनिन आणि मिथिओनिनची पावडर घाला. मिथिओनिन अंदाजाने ओतू नका, जास्त झालं की डुकरं खाणं कमी करतात. ट्रिप्टोफॅन हे आणखी एक अमिनो आम्ल अगदी काठावर आहे, पेंड 25 च्या खाली नेलीत तर आधी तेच तुटेल. एक जरी कमी पडलं तरी मांस तेवढ्यावरच थांबतं. बाकीच्यांतला नायट्रोजन लघवीवाटे जातो, ऊर्जा चरबीत. गोठ्यात अमोनियाचा वास वाढतो तो यामुळेच.

पशुआहार_ठाणे:
ही 430 ग्रॅम पावडर थेट ढिगावर टाकू नका. आधी 2 किलो भरड्यात, मग 10 किलोत, मग सगळ्यात मिसळा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लायसिन ओल धरून गाठी होतात. पिशवी घट्ट बांधून फळीवर ठेवा.

मुरबाडकर:
संध्याकाळी नवी मुंबईतल्या हॉटेलांचं खरकटंही देतो. पावडर त्यात उकळताना घालू का?

पशुआहार_ठाणे:
मुळीच नको. उकळताना लायसिन साखरेला चिकटतं आणि पचेनासं होतं. खरकटं मात्र उकळलंच पाहिजे, आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथीचा धोका आहे: निदान अर्धा तास, ढवळत. पावडर कोरड्या खाद्यातच ठेवा.

खाद्यगणित_कल्याण:
मग हिशोबच बदलला, दादा. खरकट्यात 75-80 टक्के पाणी. 10 किलोत कोरडं जेमतेम 2 ते 2.5 किलो, आणि भात-पाव असेल तर लायसिन मक्याइतकंच तोकडं. पोट त्यानेच भरतं, पेंडीचं खाद्य कमी खाल्लं जातं. चरबीचं एक कारण इथेही आहे. कोरडं खाद्य आधी द्या, खरकटं नंतर. रोज किती किलो देता ते लिहा, प्रमाण नव्याने काढून देतो.