सरावाचा व्हिडिओ एआयला दिला, अहवाल मात्र गुळमुळीत येतो. काय चुकतंय?

शिट्टी:
फुटबॉलच्या ९० मिनिटांच्या सरावाचं चित्रण एआयला देऊन ‘प्रशिक्षक कसा होता?’ असं विचारलं. उत्तर: संवाद चांगला, ऊर्जा छान, प्रश्न वाढवावेत. हे तर सराव न बघताही कुणीही लिहील. नेमकं काय मागायचं? शिवाय निम्मं बोलणं वाऱ्यात जातं, ते वेगळंच.

ट्रायपॉड:
आधी आवाज धरा, चित्र नंतर. वायरलेस माइक प्रशिक्षकाच्या कॉलरला, हनुवटीच्या वीतभर खाली. वाऱ्यासाठी फरचं कव्हर लावा, नुसता फोम पुरत नाही. बोलताना पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर शिट्टीला आवाज फाटतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. चित्रणाला १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम भरपूर झाले. फोर-केमध्ये फाइल जड होते आणि उन्हात फोन तापून बंद पडतो.

शब्दांकनासाठी, म्हणजे बोलणं मजकुरात उतरवायला, ओपनएआयचं व्हिस्पर (२०२२) हे मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालतं, म्हणजे मुलांचे आवाज बाहेर जात नाहीत. मराठीसाठी ‘लार्ज’ मॉडेलच घ्या, लहान मॉडेलं शब्दांचा चुराडा करतात. भाषा स्वतः ठरवून द्या. आपोआप ओळखायला सोडलं तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून ठरवतं, आणि तेवढ्यात ‘कमॉन, वॉर्म-अप, लाइन-अप’ एवढंच झालं असेल तर पुढचा सगळा सराव इंग्रजीत लिहून मिळतो! शांत जागी ते कुणी न बोललेली वाक्यंही रचतं. म्हणून बोलणं कुठे आहे ते आधी ओळखणारं फिल्टर लावा. शांतता हातानं कापू नका, मूळ वेळा सरकतात. प्रशिक्षक किती वेळ गप्प राहिला हेही मोजायचंच आहे.

वहीपेन:
‘कसा होता’ असं विचारलंत की गुळमुळीतच येणार. एआयला न्यायाधीश करू नका, कारकून करा. प्रत्येक वाक्याला वेळ आणि एकच खूण मागा: सूचना, प्रश्न, कौतुक, दुरुस्ती, इतर. बेरीज त्याच्याकडून करून घेऊ नका, ही मॉडेलं मोजण्यात चुकतात. खुणांचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये टाकून तिथे मोजा.

व्याख्या उदाहरणांसकट द्या. मराठीत दोन सापळे हमखास. ‘कळलं का?’, ‘हो ना?’ हे प्रश्न म्हणून मोजले जातात, आणि मग दिवसभर नुसत्या सूचना देणारा प्रशिक्षकही प्रश्न विचारणारा ठरतो. दुसरा सापळा टोमण्याचा. ‘वा, काय पास दिलास!’ हे शब्दांकनात कौतुक दिसतं, कारण सूर कागदावर उतरत नाही. अशा ओळींना ‘शंका’ अशी खूण ठेवायला सांगा आणि त्या तेवढ्या व्हिडिओत बघा.

सुरुवातीला १० मिनिटं स्वतः खुणा करून एआयशी ताडून बघा. १०० पैकी किमान ८० ओळी जुळत नसतील तर व्याख्या सुधारा. तोवर आकडे प्रशिक्षकाला दाखवूच नका.

ट्रायपॉड:
आणि आकडे बघण्याआधी प्रशिक्षकानं स्वतःचा अंदाज लिहावा: प्रश्न किती, कौतुक किती. अंदाज आणि मोजणी यांतली तफावत हाच चर्चेचा खरा माल. आधी आकडे दिले की तो नुसता बचाव करत बसतो.

मैदान१:
आकडे वाढले म्हणजे सुधारणा झाली, हे मात्र मानू नका. अमेरिकेतले नामवंत बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वूडन यांचा सराव थार्प आणि गॅलिमोर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात असाच मोजला होता: २,३२६ नोंदींत कौतुक ६.९ टक्के, निम्म्याच्या आसपास निव्वळ सूचना. ‘कौतुक कमी’ म्हणून एआयनं त्यांनाही लाल शेरा दिला असता.

त्यामुळे किती वेळा यापेक्षा कुठे आणि कधी, ते बघा. तक्त्यातून २-२ मिनिटांच्या ३ क्लिप काढा: एक बरी, एक फसलेली, एक कोड्यात टाकणारी. प्रश्नानंतर प्रशिक्षक किती सेकंद थांबला ते घड्याळ लावून बघा. बहुतेक वेळा एका सेकंदात तोच उत्तर देऊन मोकळा होतो. ३ सेकंद थांबलं तर मुलं बोलतात. दोन आठवडे एवढी एकच सवय धरा.

शिट्टी:
खेळाडू १२-१३ वर्षांचे आहेत. परवानगीचं?

वहीपेन:
पालकांची लेखी संमती घ्या. त्यात चित्रण कोण बघणार आणि कधी पुसणार, दोन्ही लिहा. नकार असलेल्या मुलाला सरावातून वगळू नका, कॅमेऱ्याचा कोन फिरवा आणि त्याचं बोलणं शब्दांकनातून काढा. दुखापत झाली किंवा मूल काही खासगी बोलायला आलं की माइक लगेच म्यूट, ही सवय प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी लावा.