सीबी बेस अँटेना: क्वार्टर, हाफ की फाइव्ह-एट? फरक खरंच किती पडतो?

लहर_27:
मंडळी, 27 मेगाहर्ट्झ सीबीसाठी (सिटिझन्स बँड रेडिओ) छतावरचा व्हर्टिकल (उभा अँटेना) बदलायचा विचार चाललाय. पाइप 6 मीटरचा आहे, त्याहून उंच जमणार नाही. आत्ता क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबीचा) ग्राउंड प्लेन आहे, चार रेडियल (बुडाशी जोडलेले दांडे) खाली झुकलेले, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाच्या जुळणीचा आकडा, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 1.2 च्या आसपास. एक जण म्हणतो फाइव्ह-एट (5/8 तरंगलांबीचा) लाव, रेंज डबल होईल, दुसरा म्हणतो हाफ वेव्ह घे, रेडियलची कटकटच नाही. खोक्यावर एकाचा गेन (हव्या दिशेने सिग्नल किती वाढतो) 4 डीबी (डेसिबल) तर दुसऱ्याचा 5 च्या वर लिहिलाय. यातलं खरं किती मानायचं?

तारवाला:
खोक्यावरचा आकडा आधी बाजूला ठेव. नुसतं "डीबी" लिहिलंय म्हणजे कशाच्या तुलनेत तेच कळत नाही, डीबीआय (सगळीकडे सारखा पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) आणि डीबीडी (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत) यातच 2.15 चा फरक आहे. आता लांबीचं बघ. 27 वर वेव्ह साधारण 11 मीटरची, म्हणजे क्वार्टर 2.7 च्या आसपास, हाफ साडेपाचच्या आत, फाइव्ह-एट पावणेसात ते सात मीटर. लांबी वाढवत गेलं की सिग्नल वर आकाशात कमी आणि क्षितिजाकडे जास्त जातो, पण हे 0.64 वेव्हपर्यंतच चालतं, त्यापुढे वरच्या दिशेचा लोब (सिग्नलचा झोत) फुगायला लागतो. आदर्श जमिनीवर फाइव्ह-एट क्वार्टरपेक्षा 3 डीबी पुढे असतो, पाइपवर उचलून चार रेडियलवर लावला की तेवढा राहत नाही, आणि हाफच्या पुढे तर जेमतेम 1 डीबी. सिग्नल मीटरवर एक एस युनिट (मीटरवरचं एक घर) म्हणजे 6 डीबी धरतात, तेव्हा काटा किती हलेल ते तूच बघ. रेंज डबल करायला मोकळ्या हवेतसुद्धा 6 डीबी लागतात, जमिनीलगत त्याहून बरेच जास्त, त्यामुळे ते विसर.

पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट फाइव्ह-एटच्या बाजूने आहे आणि ती कोणी सांगत नाही. क्वार्टर वेव्हमध्ये करंट सगळ्यात जास्त बुडाशी असतो, म्हणजे तुझ्याकडे 6 मीटरवर. फाइव्ह-एटमध्ये तो टोकापासून पाव वेव्ह खाली, म्हणजे बुडाच्या चारेक मीटर वर. त्याच पाइपवर रेडिएट करणारा भाग 10 मीटरवर जातो! लोक बदलल्यावर "जबरदस्त फरक पडला" म्हणतात ना, तो बराचसा या उंचीचा असतो. दोघांची टोकं एकाच उंचीवर ठेवून तुलना केली तर एवढा उत्साह राहत नाही.

रेडियलप्रेमी:
वरचं सगळं पटलं. हाफ वेव्हला रेडियल लागत नाहीत हे मात्र अर्धंच खरं आहे. टोकाला फीड केल्यावर (म्हणजे केबल टोकाला जोडल्यावर) इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) हजारो ओहम असतो, म्हणून तिथे तो केबलशी जुळवणारी मॅचिंगची कॉइल येते, करंट कमी असतो पण परतीचा रस्ता त्यालाही लागतोच. तो रस्ता दिला नाही की तो केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आणि पाइपवरून खाली येतो, मग केबलही अँटेनासारखी वागते, पॅटर्न बिघडतो आणि घरातला सगळा नॉइज रिसीव्हरमध्ये शिरतो. ओळखायची सोपी खूण, एसडब्ल्यूआर बघत असताना कोणाला तरी केबल हातात धरून सरकवायला सांग, काटा हलला तर करंट बाहेरून वाहतोय. फाइव्ह-एटलाही आखूड रेडियल दिले की हाच प्रकार होतो, पूर्ण पाव वेव्हचे असतील तर बरं. आणि एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना भारी असं नाही हो, डमी लोडसुद्धा (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रेझिस्टर) 1 दाखवतो.

लहर_27:
केबल पातळ आरजी-58 आहे, 30 मीटर. केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवायचा चोक कसा करायचा?

तारवाला:
अरे मग पहिला खर्च केबलवर कर! 30 मीटर आरजी-58 मध्ये 27 वर 2 डीबीच्या वर जातात, जाड आरजी-213 केबलमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. हाफवरून फाइव्ह-एटवर जाऊन जे मिळतं तेवढं इथेच परत येतं, ऐकतानाही आणि बोलतानाही.

रेडियलप्रेमी:
चोक फीडपॉइंटच्या (केबल अँटेनाला जोडते तिथे) लगेच खाली, केबलचेच पाच-सहा वेढे, 10 ते 12 सेंटीमीटर व्यासाचे, एकाशेजारी एक, गठ्ठा करायचा नाही. योग्य मिक्सचा फेराइट (केबलवर बसवायचा चुंबकीय गाभा) मिळाला तर तो याहून चांगला. आरजी-213 जाड आहे, फार आवळून वळवू नकोस. लांबलचक ट्रान्समिशननंतर सेट बंद करून मॅचिंगच्या भागाला हात लावून बघ, गरम लागला तर पॉवर तिथेच जळतेय. आणि फाइव्ह-एट उभा करताना पाइप धरून टोकापर्यंत 13 मीटर होतात, पडला तर कुठल्याच बाजूला विजेच्या तारेला लागता कामा नये, ते आधी मोजून घे.

लहर_27:
तार एका बाजूला 15 मीटरवर आहे, तरी परत मोजतो. आधी केबल आणि चोक, मग त्याच पाइपवर फाइव्ह-एट.