मदत हवी आहे: बेदाण्याच्या बॉक्सवरचा बारकोड स्कॅन केला की भलतंच उमटतंय

हरिपूरकर
नमस्कार. तातडीचं आहे, उद्या सकाळी माल आत घ्यायचाय. तासगावला चुलत्यांचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथल्या बॉक्सांसाठी जेएसबारकोड ही बारकोड काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरून लेबलं करतोय. आधी शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकलं तर कोड १२८ या बारकोडच्या प्रकाराला हे चालत नाही म्हणून एरर. मग इंग्रजीत टाकलं, छापलं, स्कॅन केलं तर पडद्यावर भलतंच. तीन रात्री यात गेल्या. लायब्ररीतच बग आहे का? दुसरी कुठली घेऊ?

माधवनगर
भलतंच म्हणजे काय? मजकूर काय दिलाय, प्रिंटर कसला, लेबल केवढं, स्कॅनर कुठला? काहीच लिहिलं नाहीत. मराठीचं मात्र सरळ आहे. कोड १२८ मध्ये आस्कीची, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे वगैरे, १२८ चिन्हंच बसतात, देवनागरी त्यात नाही. लायब्ररी बदलून फरक पडणार नाही.

हळदवाला
बारकोडच्या नादी लागूच नका, क्यूआर करा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत, मराठी नाव, गाव, वजन, सगळं मावतं. आम्ही हळदीच्या पोत्यांना दोन वर्षं क्यूआरच लावतोय, एकदाही अडलं नाही.

पेठभाग
आधी जीएस१ इंडियाकडे, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी करा. ८९० ने सुरू होणारा नंबर तिथूनच मिळतो. मनाने नंबर टाकलात तर मोठी दुकानं माल घेत नाहीत.

माधवनगर
@पेठभाग, दुकानात विकायच्या पाकिटाचं नाही हो हे. बॉक्स कुणाचा आणि कुठल्या लॉटचा, एवढंच त्यांना गोदामात ओळखायचंय. स्वतःचा नंबर चालतो.

हरिपूरकर
स्कॅनर लाल रेघेचा, यूएसबीचा. साधा थर्मल प्रिंटर, २०३ डीपीआय, म्हणजे इंचाला २०३ ठिपके. लेबल ५० बाय २५ मिमी. मजकूर म्हणजे टी-ए-एस, पुढे इंग्रजीत आडनाव, मग लॉट नंबर. मोबाइलच्या ॲपवर मात्र तेच लेबल बरोबर वाचलं जातंय. म्हणून तर कळेना.

हळदवाला
मग मोबाइलवरच करा की! मी म्हणतोय ते क्यूआरच बरं.

माधवनगर
लाल रेघेच्या स्कॅनरला क्यूआर वाचताच येत नाही, त्याला कॅमेऱ्याचा स्कॅनर लागतो. उद्या माल यायचाय आणि तुम्ही त्यांना नवीन यंत्रं घ्यायला लावताय.

हळदवाला
एकदाच खर्च होतो. हमालालासुद्धा मोबाइलवर नाव वाचता येतं, हे तुम्ही लक्षात घेत नाही.

कृष्णाघाट
जरा थांबा दोघंही. मोबाइलवर बरोबर येतंय म्हणजे छापलेल्या रेघा बरोबर आहेत, लायब्ररीचा दोष नाही. हरिपूरकर, टी-ए-एस च्या जागी पडद्यावर काय उमटतं ते जसंच्या तसं लिहा.

हरिपूरकर
ऊओए. पुढे पण असंच.

कृष्णाघाट
मग सापडलं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट दाबून टी ची कळ म्हणजे ऊ, ए ची ओ, एस ची ए. तुमच्या संगणकाचा कीबोर्ड मराठीवर आहे. यूएसबी स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. तो नुसत्या कळा पाठवतो, अक्षर कुठलं काढायचं ते विंडोज ठरवतं.

हरिपूरकर
हो, नोंदणीला बसणारी ताई नावं मराठीतच टाइप करते. हे सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

कृष्णाघाट
आत्ता घाई आहे तर स्कॅन करताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. पण दिवसभर ताईंनी मागे-पुढे करत बसणं बरोबर नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये स्कॅनच्या चौकटीत कीडाउन (कळ दाबल्याची घटना) पकडा आणि इव्हेंट.की, म्हणजे उमटलेलं अक्षर, याऐवजी इव्हेंट.कोड वाचा. त्यात कळेची जागा मिळते, भाषा कुठलीही असो.

दुसरं, आडनाव बारकोडमधून काढा. नुसता आठ आकडी नंबर द्या. कोड १२८ चा सी संच दोन आकडे एका चिन्हात बसवतो, म्हणजे सुरुवात, तपासणी, शेवट धरून सगळे ७९ भाग (सगळ्यात बारीक रेघेएवढ्या रुंदीचे) होतात. तुमच्या प्रिंटरवर मिलिमीटरला आठ ठिपके. एका भागाला तीन ठिपके दिले तरी २३७ ठिपके, साधारण ३० मिमी. दोन्ही बाजूंना दहा-दहा भाग कोरी जागा सोडूनही ५० मिमीत आरामात बसतं. मोठं आडनाव आलं की प्रिंटर चित्र आवळतो, रेघा ठिपक्यावर बसत नाहीत, मग मोबाइलही वाचणार नाही.

नंबर अवतरणात द्या, नाहीतर पुढची शून्यं जातील. आणि शेतकऱ्याचं मराठी नाव जेएसबारकोडच्या टेक्स्ट या पर्यायात टाका. रेघांत नंबर, खाली नाव.

सावळज
लेबल बॉक्स आत जायच्या आधीच चिकटवा. थंडीतून बाहेर काढला की पुठ्ठ्याला घाम येतो, गोंद धरत नाही. मागं आमची दीडएकशे लेबलं खाली पडली होती. यंदा सौद्यात हिरव्या बेदाण्याला काय भाव निघतोय?

पेठभाग
सावळजकर, भावाचा वेगळा धागा आहे, तिथं टाका. जीएस१ चं मात्र पुढेमागे लागेलच.

हरिपूरकर
कृष्णाघाट दादा, कीबोर्ड बदलून सात बॉक्स स्कॅन केले, सातही बरोबर. खाली मराठी नावही आलं, पण वेलांट्या वरच्या रेघांना चिकटतायत. ते कुठे बदलायचं?

कृष्णाघाट
टेक्स्टमार्जिन, म्हणजे रेघा आणि नावातलं अंतर, दोनचं आठ करा.