आईचा रिपोर्ट ट्रिपल निगेटिव आलाय, गोळी चालणार नाही म्हणले. आणि मी पण जीन टेस्ट करू का?

मांजराकाठ
नमस्कार सगळ्यांना. मी केज तालुक्यातली, वय २८, एक ३ वर्षाची पोरगी आहे. मोठं लिहायलेय, सांभाळून घ्या, घरात कुणाशी नीट बोलताच येईना झालंय.

आईला (वय ४६) डाव्या छातीत गाठ लागली, दुखत नव्हती म्हणून तिनं दोन महिने कुणाला सांगितलंच नाही, वेचणी चालू होती, म्हणली कापूस घरात येऊ दे मग बघू. मला कळलं ते पण आंघोळीला पाणी देताना, तिनं हात वर केला अन् कातडीला खळी पडल्यासारखं दिसलं. मग तपासणी, सोनोग्राफी, बायोप्सी सगळं झालं. कॅन्सरच निघाला. काखेत पण एक गाठ आहे. रिपोर्टच्या शेवटी तीन ओळी आहेत, ईआर निगेटिव, पीआर निगेटिव, हर टू निगेटिव. मला वाटलं निगेटिव म्हणजे चांगलं, कोरोनाच्या टायमाला निगेटिव आलं की पेढे वाटायचो आपण. तर डॉक्टर म्हणले ह्याला ट्रिपल निगेटिव म्हणतात, आधी केमो देऊ मग ऑपरेशन. बाहेर पन्नास पेशंट बसलेले, पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

आता माझ्या डोक्यात काय काय चालूय ते सांगते. शेजारच्या काकूंना ५ वर्षाची गोळी चालूय, ऑपरेशन आधी झालं अन् त्या आता शेतात पण जातात, मग आईला गोळी नाही म्हणजे हाताबाहेर गेलंय का? दुसरं, आईची पिशवी ३३ व्या वर्षीच काढलीय, ऊसतोडीला जायची तेव्हा, आमच्याकडं घरोघर हेच आहे, तर त्याच्यामुळं झालं असंल का? आत्या म्हणायलीय की सुई लावली म्हणून काखेत गेलं. आणि माझी सख्खी मावशी ह्याच आजारानं ३९ व्या वर्षी गेली. म्हणजे माझा नंबर आहे का हो पुढं? एका ओळखीच्यानं सांगितलं की रक्ताची जीन टेस्ट असते, तू करून घे. करू का?

धर्माबादी_मिरची
ताई धीर सोडू नका. एक सांगतो, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टर बडवेंनी भारी शोध लावलाय, ऑपरेशनच्या आधी गाठीच्या भोवती भूल द्यायचं साधं इंजेक्शन मारायचं, लिग्नोकेन, आपल्याला दात काढताना देतात तेच. तेवढ्यानं पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेल्या. २०२३ ला छापून आलंय. डॉक्टरला म्हणा हे पण मारा.

जडीबुटी_परळी
गाठीला सुई, चाकू लावूच नये. पोळं डिवचलं की माशा उठणारच. माझ्याकडं एका वैद्याचा नंबर आहे, इनबॉक्सला या.

परंड्याची_सिस्टर
जडीबुटी भाऊ, नंबर तुमच्याजवळच ठेवा. ३१ वर्षं नोकरी केली मी, असल्या इनबॉक्सातून परत आलेल्या बायका बघितल्यात, फुटलेली गाठ पदराखाली फडकं लावून झाकलेली असायची. बाई, तुला सांगते, सुईनं कॅन्सर पसरत नाही. काखेतली गाठ सुईच्या आधीच तिथं होती, सोनोग्राफी केली तेव्हा दिसली इतकंच. लोकांना असं वाटतं त्याचं कारण सोपं आहे, आपल्याकडं माणूस उशिरा येतो, मग सुई लागते, मग चार महिन्यांनी वाईट होतं, आणि नाव सुईचं होतं. अन् सुई लावली नसती तर त्या तीन ओळी कुठून आल्या असत्या? त्या ओळींवरच सगळी ट्रीटमेंट ठरते.

पिशवीचं म्हणशील तर पिशवी काढल्यानं छातीचा कॅन्सर होत नाही. उलट पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं लहान वयात काढली असतील तर धोका थोडा कमीच होतो, कारण अंगातलं इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन घटतं. म्हणून तसल्या ऑपरेशनचं समर्थन करायले असं समजू नको, तिशीतल्या बाईच्या हाडांची माती होते त्यानं, आणि आपल्या बीडात ज्या कारणांनी पिशव्या निघाल्या त्याच्यावर बोलायला लागले तर ही रात्र पुरायची नाही. पण आईचा जुना डिस्चार्ज कागद सापडला तर बघ, अंडाशय ठेवलंय का काढलंय ते लिहिलेलं असतं, आत्ताच्या डॉक्टरला ते उपयोगी पडतं.

फिजिक्स_नको_बायो_हवं
ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बायकोला २०१९ ला हाच आजार झाला (तिचा हर टू पॉझिटिव होता) तेव्हापासून वाचत आलोय.

आधी मिरची भाऊंचं. शोध खरा आहे, देशातल्या ११ सेंटरला मिळून जवळपास १६०० बायका त्या ट्रायलमधे (उपचाराच्या चाचणीत) होत्या आणि पैसा जवळपास काहीच लागत नाही त्याला, अभिमान वाटावा असंच काम आहे. पण त्या सगळ्या बायका थेट ऑपरेशनला गेलेल्या होत्या. मांजराकाठच्या आईला आधी केमो आहे, म्हणजे तो निकाल त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. विचारायला हरकत नाही, पण नाही दिलं तर डॉक्टरवर चिडू नका.

आता गोळीचं. छातीचा कॅन्सर हा एक आजार नाहीच, नाव एक आणि आजार तीन-चार. काही गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेनची पावती घेणारे रिसेप्टर असतात, तिथं हार्मोन बसला की पेशी वाढतात. ते ईआर पॉझिटिव. पीआर म्हणजे तसाच, प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या हार्मोनचा रिसेप्टर. हार्मोनचा आणि ह्या आजाराचा संबंध फार जुना, १८९६ मधे बीटसन नावाच्या स्कॉटिश सर्जननं अंडाशयं काढली तर गाठ आकसते हे दाखवलं होतं, तेव्हा रिसेप्टर हा शब्द पण कुणाला माहीत नव्हता. तुमच्या काकूंना बहुतेक टॅमॉक्सिफेन चालू असंल, ती गोळी त्या जागेवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला बसूच देत नाही. हर टू (हे पण पेशीवरचं एक रिसेप्टर) वाल्यांना ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन, ते १९९८ ला अमेरिकेत मंजूर झालं, माझ्या बायकोला तेच चाललं. ट्रिपल निगेटिवला ह्यातली एकही जागा नाही, मग गोळी बसणार कुठं? म्हणून गोळी नाही. हाताबाहेर गेलं म्हणून नाही. हा प्रकार वेगानं वाढतो हे खरंय, खोटं कशाला सांगू, पण वेगानं वाढणाऱ्या पेशी केमोला जास्त बळी पण पडतात. आधी केमो देण्याचं कारण तेच, गाठ डोळ्यासमोर विरघळते का ते कळतं. ऑपरेशनच्या वेळी छातीत अन् काखेत जिवंत कॅन्सर उरलाच नाही असा रिपोर्ट आला तर पुढचं भविष्य बरंच चांगलं असतं, आणि उरला तर डॉक्टर पुढचं औषध बदलू शकतात.

एक गोष्ट मात्र नक्की विचारा, कार्बोप्लॅटिन देणार का. जुनं औषध आहे, फार महाग नाही. टाटामधेच ७२० ट्रिपल निगेटिव बायकांवर ट्रायल झाली, नेहमीच्या केमोत हे घातलं तर काय होतं बघायला, निकाल २०२२ च्या डिसेंबरात मांडला. ५० आणि त्याच्या आतल्या बायकांना फायदा स्पष्ट दिसला, वरच्यांना तसा दिसला नाही. तुमची आई ४६ ची आहे.

मांजराकाठ
सर तुम्ही "पावती घेणारे" म्हणलात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी डोक्यात शिरलं. दोन आठवड्यांपासून मी निगेटिव ह्या शब्दालाच घाबरायले होते. आणि जीनचं? भाऊ म्हणायलाय की बायकांचा आजार आहे, मला काय त्याचं.

फिजिक्स_नको_बायो_हवं
भावाला हे वाचून दाखवा.

शेतात दोन बोअर आहेत समजा. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएच्या तारा रोज कुठं ना कुठं तुटतात, त्या नीट सांधायचं काम करणाऱ्या जीनपैकी दोन म्हणजे बीआरसीए १ आणि बीआरसीए २. प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. हे दोन बोअर. काही घरात एक बोअर जन्मापासूनच कोरडा असतो. तरी भागतं, दुसऱ्याला पाणी आहे. पण आयुष्यात कधीतरी छातीतल्या एखाद्या पेशीत दुसरा पण आटला तर तिथं तुटलेल्या तारा तशाच राहतात, चुका साचत जातात, आणि त्यातून कॅन्सर उभा राहतो. १९९० मधे मेरी-क्लेअर किंग ह्या बाईनं दाखवून दिलं की असला एक जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, त्याच्या आधी बऱ्याच लोकांना घराण्यातून येणारा कॅन्सर ही कल्पनाच पटत नव्हती. १९९४ ला तो जीन प्रत्यक्ष हाती लागला.

पण सगळ्या पेशंटमधे हे नसतं. शंभरातल्या पाच ते दहा जणींतच वारशानं आलेला बिघाड असतो, बाकीच्यांना तो आयुष्यात घडतो, वयानं, हार्मोननं, काहीवेळा नुसत्या नशिबानं. तुमच्याकडं शंका घ्यायला जागा जास्त आहे, कारण दोन सख्ख्या बहिणी, दोघी पन्नाशीच्या आत, त्यात एकीचा ट्रिपल निगेटिव. बीआरसीए १ वाल्यांत हाच प्रकार जास्त दिसतो.

आता कुणी करायची? तुम्ही नाही, आधी आईनं. तुमची आधी केली अन् काही सापडलं नाही तर कळणार कसं की घरात तो बिघाड नव्हताच, का होता पण तुमच्यापर्यंत आला नाही? आईच्या रक्तात नेमका बिघाड सापडला तर मग तुम्हाला अन् भावाला फक्त तेवढीच जागा तपासायची असते, ती टेस्ट स्वस्त पडते. प्रत्येक लेकराला ५० टक्के शक्यता. भावाला पण तितकीच. त्याला छातीचा कॅन्सर होण्याची शक्यता कमी असली तरी प्रोस्टेटचा धोका वाढतो, खास करून बीआरसीए २ मधे, आणि मुख्य म्हणजे तो ते त्याच्या पोरीला देऊ शकतो. बायकांचा आजार म्हणून हात झटकता येत नाही.

आणि आईला टेस्टचा स्वतःला उपयोग आहे, हे डॉक्टरला आवर्जून बोला. ज्या कॅन्सरच्या पेशीत दोन्ही बोअर आटलेत ती जगते कशावर? टँकरवर. पीआरपी म्हणजे पार्प नावाचं दुसरं एक एन्झाइम असतं, तुटक्या तारांची तात्पुरती डागडुजी करणारं. २००५ मधे दोन टीमनी एकाच वेळी दाखवलं की हा टँकर अडवला तर ती पेशी मरते, आणि अंगातल्या बाकी चांगल्या पेशी तगतात कारण त्यांचा एक बोअर अजून चालूय. ओलॅपॅरिब हे त्याच जातीचं औषध. २०२१ च्या एका मोठ्या ट्रायलमधे केमो-ऑपरेशन झाल्यावर वर्षभर ही गोळी दिली तर बीआरसीए बिघाडवाल्यांत आजार परत यायचं प्रमाण घटलं. म्हणजे टेस्ट पॉझिटिव आली तर आईला पण गोळी मिळू शकते, काकूंपेक्षा वेगळी. महाग आहे, ते आत्ताच सांगतो.

धर्माबादी_मिरची
सर ते पीआरपी नाही, पीएआरपी. बाकी बोअर-टँकर एक नंबर, आमच्या लातूर-बीडवाल्यांना कॅन्सर पण टँकरनंच समजणार 😅 (माझं लिग्नोकेनचं अर्धवट होतं, मान्य)

फिजिक्स_नको_बायो_हवं
बरोबर, ए खाल्ला मी. उद्या वर्गात सांगू नका.

मांजराकाठ
आणि माझ्यात निघालं तर? म्हणजे लगेच काढून टाकायची का छाती?

परंड्याची_सिस्टर
नाही गं. निघालं तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीनंतर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) पण, असं नजरेखाली ठेवतात. लहान वयात छाती घट्ट असते, नुसत्या मॅमोग्राफीत गाठ लपते, म्हणून एमआरआय. काढायचं का नाही हा तुझा निर्णय, घाई नसते. बीआरसीए १ असंल तर लेकरं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशयं आणि नळ्या काढायला सांगतात, कारण अंडाशयाचा कॅन्सर लवकर सापडत नाही. टेस्टच्या आधी अन् नंतर समुपदेशन घे, नुसता कागद हातात घेऊन घरी येऊ नको.

आणि एक सांगते, हे संशोधन म्हणजे कुठं तरी मुंबई-अमेरिकेत चालतं असं समजू नको. आमच्या परंडा-भूम तालुक्यांची अन् बार्शीची कॅन्सरची नोंदवही १९८७ पासून चालूय, खेड्यातली देशातली पहिली. आणि १९९९ पासून धाराशिव जिल्ह्यात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीची ट्रायल झाली, त्यात १ लाख ३१ हजारांवर बायका. मी तेव्हा एएनएम (खेड्यातली नर्स) होते, गाडी यायच्या आधी बायका गोळा करायचं काम आमच्याकडं. कुणी म्हणायची भाकरी थापायचीय, कुणी सासूला विचारते म्हणून जी जायची ती गाडी गेल्यावरच यायची. त्यातून २००९ ला निकाल आला, आयुष्यात एकदा एचपीव्ही (त्या कॅन्सरला कारण असलेला व्हायरस) टेस्ट झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. सगळ्या जगानं वाचलं ते.

छातीचं पण तसंच. मुंबईत झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांवर १९९८ पासून २० वर्षं काम झालं, मशीन नाही, शिकवलेल्या आरोग्यसेविकेचा हात, दोन वर्षातून एकदा. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही, हे पण खरं. पण तुझ्या आईसारखी दोन महिने वेचणी उरकत बसणारी बाई हात लावला असता तर आधी सापडली असती, मला तरी वाटतं.

मांजराकाठ
सिस्टर रडवलं तुम्ही. भावाला बोअरचं वाचून दाखवलं, काही बोलला नाही, पण आत्ता बाहेर जाऊन मामाला फोन करायलाय, आजोळी अजून कुणाला होतं का विचारायला. मामा म्हणले आजीची बहीण "पोटात पाणी होऊन" गेली होती.

फिजिक्स_नको_बायो_हवं
हे डॉक्टरला जरूर सांगा. पोटात पाणी म्हणजे अंडाशयाचा असू शकतो, नसू पण शकतो, लिव्हरनं पण होतं. तिचं अंदाजे वय पण विचारून घ्या. आजी, मावशी, मामा, त्यांची पोरं, असा एका कागदावर घराण्याचा तक्ता काढून न्या, कुणाला काय झालं अन् कितव्या वर्षी. तिथं पन्नास पेशंट असले तरी तो कागद अर्ध्या मिनिटात वाचून होतो.

मांजराकाठ
सोमवारी पहाटेच्या एसटीनं संभाजीनगरला निघायलोत, पहिली केमो. पैशाचं महात्मा फुले योजनेतून होईल म्हणले.

परंड्याची_सिस्टर
गेल्या गेल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. रेशन कार्ड अन् आधार ओरिजिनल घे, नुसत्या झेरॉक्सवर परत पाठवतात. कार्डावर आईचं नाव अन् आधारवरचं नाव सारखंच आहे का ते आजच बघ. बायोप्सीचे ब्लॉक आणि काचा लॅबमधून मागून घे, पुन्हा सुई टोचायला नको. आणि आईला पहाटे उपाशी नेऊ नको, दशमी बांधून दे.

मांजराकाठ
नाव बघितलं. कार्डावर शांताबाई, आधारवर शांता 🤦‍♀️

परंड्याची_सिस्टर
मग सोमवारच्या आत सेतूवाल्याला गाठ.