सूत्रांचे फोटो टाकणं थांबवूया का?

वर्गमूळ (धागाकर्ती):
दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी गणित-विज्ञानाच्या नोट्स नेटवर ठेवते. परवा एका मुलाने स्क्रीनशॉट पाठवला. 'वेग बरोबर अंतर भागिले काळ' हे साधं सूत्र, पण मोबाइलवर आधी 'व', मग ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळावर एकटी मात्रा, मग दूर पडलेला 'ग'. 'अंतर'चा अनुस्वारही असाच बाजूला पडलेला. मुलाने विचारलं होतं, "मॅडम, हे कुठलं चिन्ह?"

दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कारण कळलं. वेब पानावर सूत्रं दाखवणारा मॅथजॅक्स हा प्रोग्राम गणिताच्या मोडमध्ये प्रत्येक अक्षराला वेगळं चल समजतो, मात्रेलासुद्धा. मराठी शब्द लाटेकच्या (सूत्रं लिहायच्या खुणांच्या भाषेच्या) 'टेक्स्ट' आज्ञेत, महिरपी कंसात घातला की अखंड राहतो. अंशात एकदा, छेदात एकदा, बस्स.

शाळेतले सहकारी म्हणतात, वहीत लिहा, फोटो काढा, टाका. मला हे अजिबात पटत नाही. सूत्र अक्षरांतच लिहावं आणि बिघडलं तर दुरुस्त करावं.

लंबक:
ताई, साफ असहमत. एका मात्रेपायी दोन संध्याकाळी गेल्या, यातच सगळं आलं. माझ्याकडे लॅपटॉप नाही. मोबाइलच्या कीबोर्डवर लाटेकच्या आज्ञांना लागणारा बॅकस्लॅश (\) कुठे दडलाय ते शोधण्यातच तास संपतो. वहीचा फोटो दोन मिनिटांत जातो.

आणि लाटेक बिघडतं तेव्हा गुपचूप बिघडतं. समीकरणं सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीसाठी दोन ओळींचा निश्चयक (दोन उभ्या रेघांमधल्या चार संख्या) लिहिला होता, पानावर चारही संख्या एकाच ओळीत आल्या. मुलांनी तसाच वहीत उतरवला! माझ्या फोटोत असं कधी झालेलं नाही.

कर्ण:
लंबक सर, तो दोष लाटेकचा नाही, मधल्या मार्कडाउनचा, म्हणजे साध्या मजकुराचं वेब पान करणाऱ्या पद्धतीचा आहे. ओळ तोडायला दोन बॅकस्लॅश लागतात. मार्कडाउन त्यातला एक खातो, उरलेल्या एकाने नुसती मोकळी जागा पडते. चार लिहून बघा. अंडरस्कोरचंही (_) तेच: सूत्रात दोन आले की मधला मजकूर तिरका होतो आणि पादांक (अक्षराखालचा छोटा अंक) गायब. 'पेक्षा लहान' चिन्हाला अक्षर चिकटलं तर ब्राउझर त्याला टॅग, म्हणजे वेब पानाची आज्ञा समजतो, म्हणून दोन्ही बाजूंना जागा सोडायची. दोन्ही बाजूंना एकेक डॉलर चिन्ह देऊन लिहिलेलं सूत्र जसंच्या तसं दिसत असेल, तर मॅथजॅक्स मुळात एकेरी डॉलर मानतच नाही. मजकुरात किमतीही येतात ना. ते सेटिंगमध्ये चालू करावं लागतं.

लंबक:
चार बॅकस्लॅश! हे मी कोणत्या शिक्षकाला समजावू? शिवाय हे सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून. मॅथजॅक्सचा स्वतःचा सर्व्हर ३० एप्रिल २०१७ला बंद झाला, पानांमधले पत्ते बदलायची वेळ आली. फोटोचा पत्ता माझ्याच हातात राहतो.

कर्ण:
मॅथजॅक्सच्या फाइलीही स्वतःकडे ठेवता येतात. आणि मॅथएमएल ही वेब पानात सूत्रं लिहायची भाषा फायरफॉक्स कितीतरी वर्षांपासून दाखवतो, क्रोमही जानेवारी २०२३पासून, १०९व्या आवृत्तीत. त्याला बाहेरचं काही लागत नाही.

वर्गमूळ:
सर, वेळेची अडचण मला मान्य आहे. पण माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. ती एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून ऐकते. फोटो आला की तिला 'ग्राफिक' एवढंच ऐकू येतं आणि ती थांबून राहते. मला ते बघवत नाही.

लंबक:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फोटोखाली सूत्र शब्दांत लिहीन की. 'उणे ब अधिक-उणे वर्गमूळ ब वर्ग वजा चार अ क, भागिले दोन अ'.

वर्गमूळ:
आता डोळे मिटून हेच ऐका. मूळ कुठे संपलं? 'ब वर्ग'वर की 'चार अ क'वर? भागिले दोन अ कशाला, मुळाला की सगळ्या अंशाला? तुम्हाला सूत्र पाठ आहे म्हणून कळतं, तिला ते पहिल्यांदा शिकायचंय. मॅथएमएलमध्ये मुळाची सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहिलेले असतात, स्क्रीन रीडर ते सांगू शकतो.

तुमचा तो निश्चयक इथे टाका. मी दोन ओळींत आणून देते.

लंबक:
रात्री टाकतो. पण या सहामाहीच्या नोट्स फोटोतच जातील, आत्ताच सांगतो. त्या मुलीसाठी द्विघाती समीकरणांचा धडा तेवढा तुमच्या पद्धतीने करून बघतो.