'पुरामृदा' म्हणजे पुरात आलेली माती?

डिचोलीची बाई
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चीनच्या लोएस पठारावर फलक करतेय. वाऱ्याने आणलेली पिवळट धूळ, तिच्या थरांत मधेमधे जुन्या मातीच्या तांबूस पट्ट्या, त्यावरून पूर्वीचं हवामान कसं ओळखतात, एवढंच. पट्ट्यांना मी 'गाडली गेलेली माती' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'पुरामृदा' केलं. सातवीतल्या मुलीला वाचायला दिलं, तर ती म्हणते, "बाई, पुरात वाहून आलेली ना?" नदीकाठच्या पोरीला दुसरं काय सुचणार! गोष्ट वाऱ्याची आणि शब्द पाण्याचा. दुसरा काही सुचवा.

पेडण्याचे मास्तर
सर बरोबर आहेत. 'पुरा' म्हणजे प्राचीन; पुरातत्त्व खातं म्हटलं की कुणी छत्री उघडत नाही. परिभाषा शिकावी लागते. 'माती'त काय, दगडाचा भुगाही खपतो. मृदा म्हणजे मुळं, किडे, कुजलेला पाला असा जिवंत थर.

सोलापूरकर (मुक्काम फोंडा)
सरळ 'पुरलेली माती' म्हणा की.

काणकोणकरीण
माणसाला पुरतात हो, माती देतात. मातीलाच पुरल्यावर वर काय घालणार?

सोलापूरकर (मुक्काम फोंडा)
धूळ! तेच तर झालंय तिथं.

खडकवेडा
गंमत म्हणजे हे खरंच आहे. दोन्ही थरांचा माल एकच. थंड, कोरड्या काळात सायबेरियाकडून सुटणारा हिवाळी वारा जोरात असतो, वाळवंटाकडची धूळ भराभर साचते, तिला माती व्हायला सवडच मिळत नाही. मग उबदार काळ येतो. उन्हाळी मोसमी पाऊस आतपर्यंत पोचतो, धूळ मंदावते, गवत धरतं, चुना पाझरून खाली उतरतो आणि तिथं त्याचे खडे बनतात. तीच धूळ तांबूस माती होते. परत थंडी आली की वर नवी धूळ. त्या पठारावरच्या लुओचुआनला अशी सव्वाशे मीटरहून जाड चळत आहे, सुमारे २६ लाख वर्षांची. माती होताना अतिबारीक चुंबकीय लोहकण तयार होतात, म्हणून डोळ्यांना फिकट दिसणारी पट्टीही उपकरणाला सापडते. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी उलटलं, त्याची खूण या थरांत आहे. थरांचं वय बांधायला तिचाच आधार.
म्हणून बाई, फलकावर 'धूळ' आणि 'माती' हे दोनच शब्द ठेवा. सगळं हवामान त्या फरकात आहे. 'मृदा' घातलीत की शेजारच्या धुळीशी असलेलं तिचं नातं तुटतं.

पेडण्याचे मास्तर
नातं तुटत नाही, नेमकेपणा येतो. आणि 'लोएस' तरी परका कशाला? धुळीचे लोळ उठतात, त्यातला 'लोळ' उघड दिसतो.

खडकवेडा
मास्तर, तो ऱ्हाइनकाठचा जर्मन शब्द आहे, सैल, सुटी या अर्थाचा. लेओनहार्ड या जर्मन भूवैज्ञानिकाने १८२०च्या दशकात शास्त्रात आणला. आणि बाई, तुमची विद्यार्थिनी एकटी नाही. चार्ल्स लायेलसारखा भूवैज्ञानिक ऱ्हाइनकाठच्या लोएसला नदीचा गाळ समजत होता. चीनमधली धूळ वाऱ्यानेच आणली हे रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ साली ठासून मांडलं. त्या मुलीला हे जरूर सांगा.

सोलापूरकर (मुक्काम फोंडा)
देशावर शब्द तयार आहे: फुफाटा. उन्हाळ्यात गाडीवाटेवर घोट्यापर्यंत पाय रुततो तो.

खडकवेडा
फुफाट्यात पाय रुततो, लोएसचा कडा उभा राहतो. लोक त्यात घरं कोरून राहतात. १५५६च्या शानशी भूकंपात तशी घरं कोसळली म्हणून मृतांचा आकडा ८ लाखांवर सांगतात.

काणकोणकरीण
आमच्याकडे धुल्ल म्हणजे खाणीच्या ट्रकांची. काजूच्या पानांवर तांबडी बसते आणि मिरगाचा पहिला पाऊस धुऊन नेतो. कसले थर आणि कसलं काय. पण एक सांगा, आमचा घरं बांधायचा चिरा तांबडाच ना? मग तीही जुनी मातीच?

खडकवेडा
प्रश्न झकास. उष्ण, दमट हवेत खडक झिजतो, सिलिका विरघळून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात, त्याचा तो थर. जुन्या हवामानाची नोंद आहेच, पण आपल्या सड्यांवर तो उघडा पडलाय, गाडलेला नाही. लोएस बघायचा तर काश्मीरच्या करेव्यांवर, म्हणजे तिथल्या सपाट माथ्याच्या टेकाडांवर जा. बुकानन या सर्वेक्षकाने मलबारातल्या या दगडाला १८०७ साली 'लॅटेराइट' नाव दिलं तेही विटेच्या लॅटिन शब्दावरून, कारण तो खणून विटांसारखा कापत होते.

पेडण्याचे मास्तर
चिरा हा दगडच नव्हे. चिरून काढतात तो चिरा, मग काळ्या दगडाचाही चिरा. या दगडाचं नाव जांभा. जांभळावरून.

काणकोणकरीण
जांभळासारखा कुठं हो दिसतो? आमच्या घराच्या भिंतीला आजवर कुणी जांभा म्हटलेलं नाही.

सोलापूरकर (मुक्काम फोंडा)
रत्नागिरीला म्हणतात. गोव्यात दगड बदलत नाही, पत्रादेवीच्या सीमेवर नाव बदलतं.

डिचोलीची बाई
मंडळी, फलक उद्या छापायला जातोय. सरांना काय सांगू?

पेडण्याचे मास्तर
पत्रादेवीच्या अलीकडेही जांभा म्हणतात. आमच्या पेडण्यात मी स्वतः ऐकलंय.